कसर आणि गोदूआत्या

त्या पत्राला मानसनं उत्तर दिलं नव्हतं. दिवाळीच्या आधी आलेलं पत्र. आता इंदूरला लालबागच्या मैदानात हिवाळी मेळा भरला होता, गराडू नावाच्या कंदाचे तुकडे तळायच्या कढया तापल्या होत्या, तरी ते तसंच पडून होतं. रोज रात्री तो ते उघडायचा, दोन ओळी लिहायचा आणि खोडून टाकायचा.

पत्र कागदावरचं नव्हतं. 'सातदुर्ग' नावाच्या एका ऑनलाइन गेममधलं होतं. गावोगावची माणसं आपापल्या घरी बसून त्यात एकमेकांशी लढायची. तिथल्या प्रत्येक किल्ल्याच्या दाराशी एक टपालघर होतं. खेळाडूनं पत्र लिहिलं की कबुतर ते घेऊन उडायचं. एकदा उडालेलं कबुतर परत बोलावता येत नसे, हा तिथला नियम.

या गेममध्ये मानस हेर होता. ढालकऱ्यासारखं छाती काढून पुढं जायचं नाही, तिरंदाजासारखं लांबून मारायचं नाही. हेरानं अदृश्य व्हायचं, भिंतीकडेनं सरकत शत्रूच्या पाठीशी पोचायचं आणि मग कट्यार काढायची. हा प्रकार मानसच्या स्वभावाला असा बसला की जणू त्याच्याच मापानं शिवला होता. सिमरोलच्या बाजूला एका कॉलेजच्या ग्रंथालयात तो कामाला होता. तिशीला टेकला होता, पण लग्नकार्यात गेला तर आल्याचं कुणाला कळत नसे आणि गेल्याचं तर नाहीच. गेममध्ये त्यानं नाव घेतलं होतं 'कसर'. जुन्या पुस्तकात राहणारा तो चंदेरी किडा, पान उलटलं की दिसतो न दिसतो तोच पसार होणारा.

आणि पत्र होतं गोदूआत्याचं.

गोदूआत्याही हेरच, आणि सातदुर्गात त्या नावाचा दरारा होता. भलेभले ढालकरी, अंगावर मणभर लोखंड घातलेले, गोदूआत्या आखाड्यात आहे म्हटल्यावर पाठ भिंतीला लावून उभे राहायचे. मानस तिच्याशी पुष्कळदा लढला होता आणि बहुतेकदा हरला होता. तिनं लिहिलं होतं —

'कसर, तुम्ही फार सुंदर लपता. तुमच्याइतकं मलाही जमत नाही. पण वार करायला इतका उशीर का करता? जोडीच्या लीगमध्ये माझ्याबरोबर खेळाल का? दोन हेर एका जोडीत म्हणजे वेडेपणा, असं सगळे म्हणतात. म्हणूनच विचारते. — गोदूआत्या. ता. क. तुम्ही चिडलात की भाऊच्या जागी "भिया" लिहिता. इंदूरचे आहात का? मी आहे.'

मानसनं हे पत्र रजतला दाखवलं होतं. रजत त्याचा शाळेपासूनचा दोस्त, गेममधला ढालकरी. त्यानं एका वाचनात निकाल दिला, की भिया, हे जाळं आहे. लीगच्या आधी सगळेच असं करतात — गोड बोलायचं, समोरच्याच्या सवयी हेरून घ्यायच्या आणि मग त्याच सवयींवर मारायचं. आता हेराला उघडं दार दिसलं की आधी त्यामागचा सापळाच दिसतो. मानसनं मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे... उत्तर न द्यायला एक बरं कारण मिळालं म्हणून.

मेळ्यात मल्हारगंजच्या एका कॉम्प्युटरवाल्यानं तंबू टाकून सातदुर्गची स्पर्धा ठेवली होती. एकास एक लढत, हेर-हेर, ढालकरी-ढालकरी. रजतनं परस्पर मानसचं नाव देऊन टाकलं. नावं पुकारायला वेळ होता म्हणून मानस गराडूच्या गाडीसमोर जाऊन उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. डावीकडून कुणी हात घालत होतं, उजवीकडून कुणी, कढईतून निघालेला गराडू मसाला भुरभुरून त्यांच्या हातात जात होता आणि मानस होता तिथंच होता.

"तुम्ही लाइनीत आहात, की तंबूचा खांब आहात?"

त्यानं वळून पाहिलं. मोरपिशी शाल घेतलेली एक मुलगी. थंडीनं नाकाचा शेंडा लाल झालेला, कपाळावर आलेली बट फुंकरीनं बाजूला सारत होती, आणि डोळे... डोळे अगदी गंभीर होते. हसत होते ते फक्त ओठांचे कोपरे.

"लाइनीत आहे," मानस म्हणाला. "गॅप मिळाली की —"

"गॅप मिळत नाही जी. करावी लागते."

आणि तिनं केली. एक खांदा पुढं, एक "काका, दोन प्लेट, यांना ऑफिसात जायचंय," आणि दोन प्लेटा तिच्या हातात आल्या. एक तिनं त्याच्यापुढं धरली. मानस म्हणाला की आज तर रविवार आहे. ती म्हणाली, हे काकांना मालूम नाही. त्याला हसू आलं, आणि तोंडात गरम गराडू असताना हसू नये हे त्याच वेळी कळलं. तिनं आपली पाण्याची बाटली पुढं केली.

तिचं नाव नीरजा. एका कंपनीत ती शहराच्या पाण्याच्या नळांचे नकाशे काढायची — जमिनीखाली कुठली लाइन कुठून जाते, ते. मानसनं विचारलं, न दिसणाऱ्या गोष्टी शोधायच्या कशा? ती म्हणाली, वरची माती थोडी ओली असते, लक्ष द्यावं लागतं. असं बोलत ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि मानसला वाटलं, आपल्यावरची माती जरा जास्तच ओली आहे की काय.

दोघं तंबूकडे चालू लागली. ती पण खेळायलाच आली होती. तिची पहिली लढत आधी होती, तर मानस तिच्या मागं उभा राहिला. तिनं हेडफोन लावले, स्क्रीन उजळला, आणि कोपऱ्यात तिचं गेममधलं नाव उमटलं.

गोदूआत्या.

मानसच्या हातातली रिकामी प्लेट खाली पडली. कुणाला ऐकू गेलं नाही. समोर नीरजानं तिच्या प्रतिस्पर्ध्याला असं संपवलं, की बिचारा हेडफोन काढून आजूबाजूला बघायला लागला. हे असं हसत हसत मारणारं माणूस... आणि तो तिला, बाईचं नाव घेऊन बाईसारखं लिहिणारा मिशीवाला, पन्नाशीचा गृहस्थ समजत आला होता.

आता खरं तर साधी गोष्ट होती. 'मीच तो कसर' एवढं म्हणायचं. पण मानसच्या अंगात सवय अशी भिनलेली, की समोरच्याला आपण दिसत नाही आणि आपल्याला तो दिसतो, ही जागा सोडवेना. तिनं येऊन विचारलं, कशी वाटली लढत? तो म्हणाला, छान. तिनं विचारलं, तुमचं गेममधलं नाव काय? तो म्हणाला, आहे एक... साधंच.

मग तिनं आपणहून सांगितलं. जोडीच्या लीगची नावनोंदणी आज दिवस मावळेपर्यंतच आहे. पीयूष म्हणून एक जण कधीचा मागं लागलाय, चांगला खेळतो, चांगला मुलगा आहे, त्याला ती आज हो म्हणणार. खरं म्हणजे तिनं दुसऱ्याच एकाला विचारलं होतं. पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तरच नाही.

"कदाचित मिळालं नसेल," मानस म्हणाला, आणि आपली आपल्याला लाज वाटली.

"सातदुर्गातलं कबुतर चुकत नाही." ती शालीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. "जाऊ दे. मला वाटलं होतं, इतकं शांत खेळणारा माणूस... बोलायला चांगला असेल. असं वाटतं ना कधी कधी, न बघताच."

"नीरजाजी, मी —"

तेवढ्यात माइकवर मानसचं नाव पुकारलं, खरं नाव, आणि तो गेला. बोलायचं राहिलं. राहू दिलं, असं म्हटलं तर जास्त खरं.

दोघंही जिंकत गेली आणि ऊन कलता कलता हेरांची शेवटची लढत लागली. खेळाडूंना लोकांकडे तोंड करून शेजारीशेजारी बसवलं होतं, मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा. त्यांच्या पाठीमागं मोठा पडदा, त्यावर सगळा तंबू लढत बघणार. पडद्यावर दोन नावं आली, ती लोकांनी मोठ्यानं वाचली, आणि आडोशाच्या पलीकडे शाल सावरणारा हात थांबला.

नीरजानं मान उंच करून आडोशावरून पाहिलं. आता ओठांचे कोपरेही हसत नव्हते.

"दुपारभर माझ्यासमोर होतात," ती हळू म्हणाली. "मी काय काय बोलले. आणि तुम्ही ऐकत होता."

"मी सांगणार होतो..."

"हेच ना. सांगणार होतात."

घंटा वाजली. जो दोन डाव जिंकेल त्याची लढत.

दोन हेर समोरासमोर आले की खेळाडूंना दिसतो फक्त रिकामा आखाडा — पडक्या किल्ल्याचं अंगण, चार खांब, एक विहीर, मधून वाहणारा पाण्याचा पाट. लोकांना पडद्यावर दोघांच्या पुसट आकृत्या दिसतात, खेळणाऱ्याला काहीच नाही. ज्यानं आधी गाठलं त्याचा पहिला वार, आणि पहिल्या वारात समोरच्याला गुंगी येते, हातपाय हलत नाहीत. त्या गुंगीतून सुटायला प्रत्येकाजवळ एक युक्ती असते, तिला 'सुटका' म्हणतात. ती डावात एकदाच. धुराचा गोळा फोडून पुन्हा अदृश्य होता येतं, तेही एकदाच. प्रत्येकाच्या रक्ताची एक पट्टी स्क्रीनवर असते, ती रिकामी झाली की डाव गेला.

मानस नेहमीसारखा खांबाआड बसला. पाटातलं पाणी हललं. ती तिथं होती, हाताच्या अंतरावर. आता... नको, अजून थोडी जवळ येऊ दे. आता... नको. मग त्याच्यामागं खडा पडल्याचा आवाज झाला, त्याच्या हेरानं तिकडं तोंड वळवलं आणि पाठीत कट्यार बसली. गुंगी. घाबरून त्यानं लगेच सुटका वापरली. ती त्याचीच वाट बघत होती. दुसरी गुंगी आली तेव्हा त्याच्याजवळ काही उरलं नव्हतं. पहिला डाव गेला.

आडोशापलीकडे ती शाल सावरून पुढच्या डावाला बसली. त्यापेक्षा तिनं चिडवलं असतं तर बरं वाटलं असतं.

मानसच्या मनात आलं, दुसराही जाऊ द्यावा. ती जिंकेल, खूश होईल, पीयूषला हो म्हणेल, आणि आपण नावं जाहीर व्हायच्या आत मागच्या कनातीतून सटकू. कुणाला कळणारही नाही. मग त्याला कळलं की हेही लपणंच आहे, फक्त याला उदारपणाचा रंग दिलेला. आणि ती तेवढंही ओळखेल. गोदूआत्याला दान दिलेला डाव ओळखू येणार नाही, असं कसं होईल?

दुसरा डाव सुरू झाला आणि मानसनं हेरानं कधी करू नये ते केलं. अदृश्यपणा टाकून तो अंगणाच्या मधोमध येऊन उभा राहिला. सगळ्यांना दिसेल असा, पाठ उघडी टाकून.

तंबूत गलका झाला. रजत खुर्चीवर चढून ओरडत होता, "अरे भिया, बावळा झाला का?" हेडफोनमधून ते पुसट ऐकू आलं. पलीकडे नीरजा थबकली होती. आता सापळा तिला दिसत होता. ती एक फेरी मारून गेली, दुसरी मारून गेली, आणि शेवटी न राहवून तिनं वार केला.

गुंगी. मानसनं सुटकेकडे जाणारं बोट आवरलं. रक्त निम्मं खाली आलं, तरी तो मार खात राहिला. गुंगी उतरली तशी तिनं दुसरी दिली, आणि आता त्यानं सुटका वापरली, गर्रकन वळला, आणि तिला गाठलं. पण मुख्य वाराच्या आधी त्यानं एक बारकी जखम केली. नुसती वाहती जखम. तिनं धूर फोडला, नाहीशी झाली, आणि फरशीवर रक्ताचे थेंब टपटपत तिच्याबरोबर चालले. वाहत्या जखमेला लपता येत नाही. त्यानं थेंबांचा माग काढला.

एक-एक.

"हे कुठं शिकलात?" आडोशापलीकडून प्रश्न आला. आवाजात राग होता, पण त्याला तडा गेला होता.

"तुमच्याकडून. तुम्ही मला असंच मारलं होतं."

तिसऱ्या डावात आता तो बसून राहील, नाहीतर परत उघडा उभा राहील, एवढंच तिला ठाऊक. मानस घंटा वाजताच धावला. नीरजा हरल्यावर पुढच्या डावात विहिरीच्या बाजूनं येते, हे त्याला तोंडपाठ होतं. तिथं काही दिसत नसताना त्यानं हवेत वार केला, आणि हवा तिथं नव्हती, ती होती. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कसरनं आधी हात उचलला होता.

पण ती गोदूआत्या. सुटका वापरून तिनं असा उलटा वार केला की दोघांचंही रक्त तळाला गेलं, त्याचीही सुटका संपली, आणि जखम व्हायच्या आत तिनं धूर फोडला. त्यानंही फोडला. अंगण पुन्हा रिकामं. कुणाजवळ काही उरलं नव्हतं. आता जो आधी गाठेल तो.

मानसनं श्वास घेतला आणि आपल्या हेराला पाटात उतरवलं. पाणी हललं. मी इथं आहे, असं त्यानं तिला सांगितलंच जणू. ती येणार, ती पाठीमागून येणार, कारण हेर पाठीमागूनच येतो. तिची पावलं त्यानं कधी ऐकली नव्हती, पण चाल त्याच्या बोटांना पाठ होती — विहिरीपासून खांब, खांबापाशी एक क्षण थांबणं, मग सरळ. तो थांबण्याचा क्षण त्यानं मनात जाऊ दिला, आणि वळला.

समोरासमोर. त्याची कट्यार अर्धा श्वास आधी लागली.

मग जो आवाज उठला त्यानं कनाती हलल्या. रजत दोन खुर्च्या ओलांडून आला, मानसला उचलू लागला आणि न पेलल्यामुळे त्याच्यासकट टेबलाला धडकला. अनोळखी लोक पाठीवर थाप मारत होते. मानसनं सगळ्यांकडे पाहिलं आणि नवल म्हणजे, त्याला कुठं जाऊन दडावंसं वाटलं नाही. पडद्यावर हरलेल्या गोदूआत्यानं कमरेत वाकून मुजरा केला. हरली की ती नेहमी करायची.

नीरजानं हेडफोन काढले. गाल लाल झाले होते, बट पुन्हा कपाळावर आली होती. तिनं आडोसाच उचलून बाजूला ठेवला.

"असं खेळता येत होतं, तर इतके दिवस मला फुकट जिंकू का दिलंत?"

"येत नव्हतं. आत्ता आलं." तो घाईनं म्हणाला, "नीरजाजी, पत्राचं सांगायचं तर —"

"तोंडी नाही." तिनं हात वर केला. तंबूबाहेर ऊन मैदानाच्या कडेला गेलं होतं. "मी पत्र लिहिलं होतं. पत्राला पत्र पाहिजे. आणि दिवस मावळायच्या आत पाहिजे, मग मी पीयूषला काय ते सांगेन."

मानस परत खुर्चीवर बसला. त्यानं आपला हेर आखाड्यातून काढून किल्ल्याच्या दाराशी, टपालघरात नेला. कोरं पत्र उघडलं. समोरून खसखस ऐकू आली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की लढत संपल्यावर मोठा पडदा जिंकणाऱ्याच्या, म्हणजे त्याच्याच मशीनला जोडला गेला आहे. तो जे लिहील ते सगळा तंबू वाचणार. रजत धावत वायर काढायला निघाला. मानस म्हणाला, "राहू दे." आणि लिहायला लागला.

'गोदूआत्यांस,

तुमचं पत्र जाळं आहे असं मला वाटलं नव्हतं. तसं वाटलं तर बरं, अशी माझी इच्छा होती. सापळ्यात न जाणं सोपं असतं.

वार करायला उशीर का करतो, असं विचारलंत. वार केला की दिसावं लागतं, म्हणून.'

खसखस थांबली होती. कुणीतरी पोराला गप्प केलं. मानसची बोटं एका अक्षरावर अडखळली... आणि पुढं गेली.

'जोडीत मी खेळेन. दोन हेर हा वेडेपणा असला तरी. पण लीग संपल्यावरही ही जोडी राहावी असं मला वाटतं. एका दुपारच्या ओळखीवर हे लिहिणं बरोबर नाही, असं कुणी म्हणेल. पण माझी ओळख आजची नाही. तुम्ही कुठल्या बाजूनं येता, कुठं थांबता, हरल्यावर कशा हसत वाकता, हे मला कधीचं ठाऊक आहे. चेहरा तेवढा आज पाहिला. तोही फार आवडला.

— कसर. म्हणजे मानस. हो, इंदूरचाच.'

समोरून कुणी शिट्टी वाजवली. एक आजीबाई शेजारणीला विचारत होत्या, मुलगी कोण? मानसनं वर पाहिलं नाही. त्याला फक्त खुर्चीच्या पाठीवर येऊन टेकलेला हात जाणवला, मोरपिशी शालीची ऊब खांद्याला लागली, आणि कानाशी अगदी हळू, पहिल्यांदाच अहो-जाहो सोडून, आवाज आला —

"वाचलं मी. आता वाट कुणाची बघतोयस? पाठव."

त्यानं बोट दाबलं, आणि कबुतर उडालं.